भाची चीनमध्ये इंग्रजी शिकवायला चालली आहे, तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, जन्मापासून कॅनडात. पासपोर्ट तिकडचाच, मराठी सगळं समजतं, बोलते पण मोडकंतोडकं. कॉलेज झालं, दोन वर्षं टोरांटोकडे कुठल्यातरी शाळेत असिस्टंट होती आणि आता तिने काढलंय की चीनमध्ये जाऊन शाळेत इंग्रजी शिकवायचं. गाव शिजियाझुआंग, हबे प्रांताची राजधानी. ताईला आणि दाजींना हे गाव नकाशात शोधावं लागलं, पण माझ्या आईला म्हणजे तिच्या आजीला नाही, कारण आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी तिथे आहे हे तिला शाळेपासून माहीत. भैय्या चौकात त्यांचं स्मारक झालं तेव्हा ती भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन बघायला गेली होती. तरीपण नात तिकडे राहणार म्हटल्यावर काळजी ती काळजीच, रोज संध्याकाळी मला विचारते आणि मला काही सांगता येत नाही, कारण मी पुण्याच्या पुढे नोकरीसाठी कधी गेलो नाही.

गूगल केलं तर एकतर "चीनमध्ये शिकवा आणि जग फिरा" छापाच्या जाहिराती येतात नाहीतर भीतीदायक व्हिडिओ. मला साधं रोजचं हवंय. सकाळी उठल्यापासून काय, शाळेत काय, जेवणाचं काय (आमच्याकडे पूर्ण शाकाहारी, भाची अंडं खाते, आजीला माहीत नाही), फोनवर बोलणं होणार का, आणि मुख्य म्हणजे आपल्या रंगाच्या पोरीला तिथे "कॅनडाची इंग्रजी टीचर" म्हणून लोक धरतात का. कामाचं सगळं एका एजंटमार्फत चाललंय. कुणी स्वतः राहून आलं असेल तर लिहा प्लीज.

टॉवेलवाला_एमआयडीसी

काय एवढी काळजी करूलालाव राव. मी शिक्षक नाही, धंदेवाला माणूस, पण ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाणं असतं (एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक भरतंय), त्यामुळे वरवरचं सांगतो, शाळेचं कुणीतरी दुसरं सांगेल.

रोख पैसा विसरा. रस्त्यावर रताळी भाजणारी म्हातारी पण गळ्यात क्यूआर कोड अडकवून बसती. वीचॅट (पैसे देणं आणि गप्पा दोन्हीचं चिनी ॲप) नाहीतर अलीपे, हल्ली परदेशी कार्ड त्याला जोडता येतं, ते घरी बसूनच करून घ्यायला सांगा, तिथे उतरल्यावर ओटीपी जुन्या सिमवर जातोय आणि मग बोंबलत बसा. फोनची बॅटरी संपली की खिशात लाख असून माणूस भिकारी, म्हणून पॉवर बँक पाहिजेच, पण २०२५ च्या जूनपासून त्यांच्या आतल्या विमानांत तिकडचा ३सी हा सुरक्षिततेचा छाप असलेलीच पॉवर बँक चालते, बाकीची सिक्युरिटीवाले काढून घेतात. तिथेच घ्यावी, स्वस्त आहे.

व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, फेसबुक सगळं बंद. आणि आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये वीचॅट बंद केलं, म्हणजे तिच्याकडे जे चालतं ते आजीकडे नाही आणि आजीकडे जे चालतं ते तिच्याकडे नाही, गंमत आहे सगळी. उपाय म्हणजे बाहेरच्या देशाचं रोमिंगचं ई-सिम. कॅनडाचं असो नाहीतर हाँगकाँगचं, रोमिंगवर असलं की व्हॉट्सॲप सरळ चालतंय. बरेच जण व्हीपीएन वापरतात पण ते तिकडच्या नियमात बसत नाही आणि ऐन वेळेला बंद पडतं, मी त्याच्या भरवशावर राहत नाही. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आजी सात वाजता दिवा लावून बसल्या की तिकडे साडेनऊ, पोरगी मोकळी असेल.

आणि शेंगाचटणी भरपूर द्या. नूडल्सवर टाकून बघा म्हणावं एकदा.

बार्शी_ते_ब्रिस्बेन

होटगीरोडकर, मी माहेरची बार्शीची, पासपोर्ट ऑस्ट्रेलियन. हबेच्या शेजारच्या शान्शी प्रांतात, ताययुआन शहरात एका सरकारी हायस्कूलमध्ये हेच काम केलंय, त्यामुळे तुमच्या भाचीचं जे होणार ते बऱ्यापैकी मला माहीत आहे असं समजा. जमेल तसं लिहिते, मध्ये मध्ये भरकटले तर चालवून घ्या.

पहिलं म्हणजे शिकवणं. आपल्याला वाटतं परदेशी टीचर म्हणजे मोठी जबाबदारी, पोर्शन, पेपर तपासणं. तसलं काही नसतं. व्याकरण, परीक्षेचं इंग्रजी, ते सगळं चिनी शिक्षक शिकवतात आणि आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात. परदेशी टीचरला "ओरल इंग्लिश" देतात, म्हणजे एका वर्गाला आठवड्यातून एकच तास, चाळीस मिनिटांचा, आणि वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. असे सोळा-अठरा वर्ग. म्हणजे सोमवारी जो धडा केला तोच शुक्रवारपर्यंत पुन्हा पुन्हा, शुक्रवारी स्वतःचाच आवाज ऐकून कंटाळा येतो. आणि हा विषय गावकाओला, म्हणजे जूनच्या ७ तारखेपासून त्यांची जी बारावीनंतरची महापरीक्षा असते तिला, धरत नाहीत. जे परीक्षेला नाही त्याचं मोल आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या बाकावर गणिताची वही उघडलेली असते आणि वरून माझ्याकडे बघून मान डोलावणं चालू असतं. मी रागवायचे नाही, कारण ती मुलं सकाळी साडेसहा-सातला वर्गात येऊन मोठ्याने पाठांतर करत बसलेली असतात आणि रात्रीचा सेल्फ स्टडी सुटतो तेव्हा दहा वाजत आलेले असतात. मी एकदा एका वर्गात विचारलं रविवारी काय करायला आवडेल, एका रांगेतल्या प्रत्येकाने "स्लीप" सांगितलं, विनोद म्हणून नाही, अगदी मनापासून.

बोलायला मुलं लाजतात, चुकलं तर सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल ही भीती फार. पण तास संपला की दारापाशी घुटमळतात. माझ्याकडे एक मुलगी होती, पूर्ण टर्ममध्ये तोंडातून शब्द काढला नाही, पण दर आठवड्याला जाता जाता टेबलावर घडी केलेली चिठ्ठी ठेवायची, त्यात एक प्रश्न, कांगारूंपासून ते "तुमच्या आईने तुमचं लग्न ठरवलं का" पर्यंत काहीही, आणि मी खाली उत्तर लिहून पुढच्या तासाला परत द्यायचे. तिच्या त्या चिठ्ठ्यांमधलं इंग्रजी वर्गात पटापट बोलणाऱ्यांपेक्षा चांगलं होतं. भाचीला सांगा, वर्ग गप्प आहे म्हणजे वर्ग नापास आहे असं धरू नकोस.

दिवसातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडायची. मधल्या वेळेत स्पीकरवर संगीत सुरू होतं, एक बाई चालीत आकडे मोजते, आणि पन्नासच्या पन्नास मुलं डोळे मिटून भुवयांच्या कडा, नाकाचा शेंडा नाही, नाकाच्या वरचा भाग, कानशिलं असं क्रमाने दाबत बसतात. डोळ्यांचा व्यायाम, देशभर चालतो. वर्गाचा मॉनिटर कोण चोरून बघतोय ते पाहत फिरतो. टीचरला तेवढा वेळ काहीच काम नसतं. आणि दुपारी जेवणानंतर झोप, हक्काची. बाकावर डोकं ठेवून वर्गच्या वर्ग झोपतो, स्टाफरूममध्ये घडीचे पलंग निघतात. दुपारी बारा ते दोन कुणालाही फोन करायचा नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळेल.

राहायला शाळेच्या आवारातच फ्लॅट मिळतो बहुतेक. गाद्या फळीसारख्या कडक असतात, जाड गादी ऑनलाइन मागवायची, दोन दिवसात दारात येते. रात्री गेट बंद, वॉचमन काकांशी जमवून घ्यायचं. प्यायला सगळीकडे गरम पाणी, उन्हाळ्यात सुद्धा, आणि सर्दी झाली, पोट दुखलं, प्रेमभंग झाला, सगळ्यावर सल्ला एकच, गरम पाणी पी. आजींना हे ऐकून बरं वाटेल.

डोक्याला ताप होतो तो ऐनवेळच्या निरोपांचा. रात्री अकराला वीचॅट ग्रुपवर येतं की उद्या क्रीडा दिवस, तास नाहीत. किंवा परवा पाहुणे येणार, तुम्ही गाणं म्हणा. परदेशी टीचर ही थोडी दाखवायची वस्तू असते, ॲडमिशनच्या दिवसात गेटवर उभं राहून फोटो, वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक, शुक्रवारी "इंग्लिश कॉर्नर". काहींना ते अपमानास्पद वाटतं, मला नाही वाटलं, पगारात तेही धरलेलं असतं असं मी मानलं. आणि १ ऑक्टोबरच्या आसपास मोठी सुट्टी मिळते ती फुकट नाही हां, तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी-रविवारी भरपाई करायला लावतात. रविवारी सकाळी शुक्रवारचं टाइमटेबल. याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

आता रंगाचं. लपवून काय उपयोग, प्रश्न आहे. एजंट अर्जाबरोबर फोटो मागतात आणि काही जण तोंडावर सांगतात की पालकांना गोरा चेहरा हवा असतो. मला एका ठिकाणी इंटरव्ह्यूनंतर "तुम्ही खऱ्या ऑस्ट्रेलियन आहात का" विचारलं होतं, तिथे मी पुढे गेले नाही. पण एकदा शाळेत रुजू झाल्यावर मुलांना काही फरक पडत नाही, उलट भारतीय म्हटलं की त्यांना नाच, गाणी, सिनेमे सुचतात आणि प्रश्न संपत नाहीत. बाजारात लोक टक लावून बघतात, फोटो मागतात, त्यात वाईट हेतू नसतो पण रोज रोज झालं की दमायला होतं. तिने व्हिडिओ इंटरव्ह्यू थेट शाळेशी केलाय का एवढं विचारा. शाळेने तिला पाहून घेतलं असेल तर निम्मी काळजी मिटली.

जेवण. शाकाहारी राहता येतं पण भांडून. "मांस नको" सांगितलं तरी वरून चिमूटभर खिमा टाकतातच, त्यांच्या लेखी तो मसाला. टोमॅटो-अंड्याची भाजी कुठेही मिळते, तिला अंडं चालतं म्हणजे ती उपाशी मरणार नाही (आजींना मी काही बोलणार नाही). सकाळी रस्त्यावर जियानबिंग मिळतं, मुगाच्या पिठाचं धिरडं समजा, वर अंडं आणि कुरकुरीत पापडीसारखं काहीतरी. हबेची खासियत मात्र गाढवाच्या मांसाचं सँडविच आहे, पाटी ओळखायला शिकायची म्हणजे झालं. आणि हे कुणी सांगत नाही, ज्वारी मिळते! उत्तरेत ज्वारी जुनी, बायज्यू दारू तिचीच करतात आणि आमच्या शान्शीत तर ज्वारीच्या पिठाच्या शेवया खातात. मी पीठ आणून भाकरी थापल्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव नाही, रंग लालसर, पण भाकरी होते, आणि शेजारची चिनी बाई रोज संध्याकाळी बघायला यायची हातावर कशी थापते म्हणून.

साधा_माणूस_७७

सगळं ठीक आहे पण मुळात चीनलाच कशाला? गलवान विसरलो का आपण? कॅनडात काय शाळा नाहीत? आणि कॅनडाच्या लोकांना तर चीनने धरून ठेवलं होतं, बातम्या वाचत नाही का कुणी.

डॉक्टर_परत_आला

@साधा_माणूस_७७ पोरगी कॅनडाची नागरिक आहे, गलवानचा हिशोब तिच्याकडून कशाला मागायचा. तुम्ही म्हणता ती बातमी मात्र खरी आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये व्हँकूव्हरला एका मोठ्या चिनी कंपनीच्या अधिकारी बाईला अटक झाली, लगेच चीनने दोन कॅनेडियन नागरिकांना धरलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती बाई सुटली तेव्हाच त्यांना सोडलं. पण ते दोघे शाळेत एबीसीडी शिकवणारे नव्हते. शाळेतल्या टीचरला अडचण येते ती वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्यातली एक लिहायलाच पाहिजे. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. चीनमध्ये अजिबात नाही, पोलीस बारमध्ये धाड टाकून लघवी तपासतात आणि केसांचीही तपासणी करतात, केसात महिनोन् महिने जुनं दिसतं, म्हणजे कॅनडात असताना घेतलेलं सुद्धा. मामांनी हे विचारणं अवघड आहे मला कळतंय, आईला नाहीतर बहिणीला सांगून विचारा. आजीसमोर नको.

मी एमबीबीएस तिकडे केलंय, आता इथेच प्रॅक्टिस करतो. थंडीचं कॅनडाच्या मुलीला काय सांगायचं, पण एक फरक आहे, उत्तर चीनमध्ये हीटिंग सरकारी तारखेने चालू होतं, साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, आणि त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे घर बर्फ होतं. हिवाळ्यात धूर-धुकं असतं, शिजियाझुआंग त्याबाबतीत बदनामच होतं, पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी दम्याचा त्रास असेल तर विचार करावा. उन्हाळा म्हणाल तर जूनमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आजोळची आठवण येईल तिला.

आणि कोटणीसांबद्दल. मी त्या समाधीवर जाऊन आलोय. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं त्यात ते होते, १९४२ च्या डिसेंबरमध्ये हबेमधल्याच एका खेड्यात गेले, वय बत्तीस फक्त. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे आणि त्याच आवारात डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची पण आहे, ते १९३९ मध्ये गेले, आणि ते होते कॅनडाचे! बेथ्यूनच्या नावाने काढलेल्या हॉस्पिटलचे पहिले प्रमुख आपले कोटणीस. म्हणजे तुमच्या भाचीचे आजोळ आणि गाव दोन्ही एकाच बागेत आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो त्यांचा, छिंगमिंग, तेव्हा शाळेच्या मुलांना रांगेने तिथे नेतात फुलं वाहायला, बहुतेक तिलाही नेतील. तिथल्या वयस्कर माणसांना "कोटणीस" कळणार नाही, "ख दीह्वा" म्हणायचं, ते त्यांचं चिनी नाव. "माझी आजी त्यांच्या गावची" एवढं तिला बोलता आलं तरी पुढचा अर्धा तास सुटका नाही.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार, आईला सगळं वाचून दाखवलं (गाढव आणि अंडं सोडून). बेथ्यून कॅनडाचे हे ऐकून ताई पण जरा नरम पडली.

पण बार्शीताई, एक नवीन गोष्ट झाली. तुम्ही सांगितलं म्हणून भाचीला विचारायला लावलं, तर शाळेशी तिचं थेट बोलणं झालेलंच नाही, सगळं एजंटच बोलतोय. तो आता म्हणतो शाळा १ सप्टेंबरला सुरू होते, कागदपत्रांना वेळ लागतोय तर तू एम व्हिसावर ये, इथे आल्यावर आम्ही बदलून घेऊ, सगळे असंच करतात. पगार महिना अठरा हजार युआन, म्हणजे बाराच्या हिशोबाने दोन लाखाच्या वर झाले आपले. हे बरोबर आहे का? ती म्हणते विमानाचं तिकीट काढू का.

बार्शी_ते_ब्रिस्बेन

तिकीट काढू नका. थांबा.

एम व्हिसा धंद्याच्या भेटीसाठी असतो, टॉवेलवाले दादा जातात तसा. त्यावर शिकवणं म्हणजे बेकायदा काम. तिकडच्या कायद्यात काम करणाऱ्याला पाच ते वीस हजार युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर धरलं तर पाच ते पंधरा दिवस कोठडी, वर देशाबाहेर काढतात ते वेगळं. "सगळे असंच करतात" म्हणणारा एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही. दंड भरायचा तुमच्या भाचीने.

नीट रस्ता असा की शाळा आधी तिच्या नावाने वर्क परमिटचं नोटिफिकेशन काढते, ते हातात आल्यावर कॅनडातून झेड व्हिसा म्हणजे नोकरीचा व्हिसा, मग चीनमध्ये उतरायचं. नोटिफिकेशनवर एम्प्लॉयर म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचायचं. शाळेचं असेल तर उत्तम. भलत्याच "कन्सल्टिंग" कंपनीचं असेल तर ती कंपनी तिला आज या शाळेत, उद्या तिसऱ्याच गावात पाठवू शकते, आणि परमिट ज्याच्या नावावर त्याच्याकडेच काम करायचं असा नियम आहे, म्हणजे शाळेत पोलीस आले तर पुन्हा तेच. नोकरी बदलायची झाली तरी जुन्या एम्प्लॉयरने रिलीज लेटर दिल्याशिवाय हलता येत नाही, त्यामुळे हे एक नाव पगारापेक्षा महत्त्वाचं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने शाळेच्या विषयांच्या खाजगी क्लासेसवर बडगा उगारला, तेव्हा कितीतरी सेंटर रातोरात बंद पडली आणि परदेशी टीचर पगाराविना बसले. तेव्हापासून मी तर सरळ शाळा असेल तरच हो म्हणा असं सांगते.

कागद म्हणाल तर डिग्री आणि पोलीस क्लिअरन्स, दोन्ही अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या देशाच्या सरकारचा शिक्का) करून. पूर्वी चिनी कॉन्सुलेटचे शिक्के लागायचे पण चीनमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल लागू झालंय, त्यामुळे काम सोपं झालंय, एजंट जर कॉन्सुलेटच्या नावाने वेगळे पैसे मागत असेल तर तिथेही विचारा. कॅनडाचा पासपोर्ट, डिग्री आणि दोन वर्षांचा शाळेतला अनुभव असेल तर तिचं काम व्हायला हरकत नाही. असिस्टंटचा अनुभव धरतील की नाही तो प्रश्न येऊ शकतो, म्हणून १२० तासांचं टीईएफएल, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं, सर्टिफिकेट करून ठेवलं तर तो वादच राहत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना हे भाषेच्या टीचरचं परमिट मिळणं फार कठीण आहे, हे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, कारण मला मेसेज येतात. तुम्ही गणित-फिजिक्सचे शिक्षक असाल तर इंटरनॅशनल शाळांकडे बघा, इंग्रजीच्या मागे लागून एजंटला पैसे देऊ नका.

पगार अठरा हजार बरोबर आहे त्या गावाच्या मानाने, राहायला फुकट असेल तर महिन्याला बऱ्यापैकी शिल्लक पडते. फक्त करारात आठवड्याचे तास किती, सुट्टीचा पगार आहे का, आणि "ऑफिस अवर्स" नावाखाली काय लपवलंय ते वाचायचं.

साधा_माणूस_७७

हे बरं सांगितलं ताई. माझा विरोध कायम आहे पण एजंटच्या नादाला लागू नका हे मात्र पटलं. आमच्या गल्लीतल्या पोराला दुबईचं असंच सांगितलं होतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी

एम व्हिसावर मी जातोय, इमिग्रेशनवाला विचारतो कुठली कंपनी, कुणाला भेटणार, इन्व्हिटेशन लेटर दाखव. ती पोरगी काय सांगणार? टॉवेल विकायला आली म्हणून? नका करू असलं काही.

होटगीरोडकर

अपडेट. भाचीने शाळेच्या वेबसाइटवरून मेल आयडी काढला आणि सरळ शाळेलाच मेल टाकला, चिनी भाषांतर मोबाईलवरच केलं. दोन दिवसांनी तिथल्या इंग्रजी विभागाच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. शाळा खरी आहे, जागा पण खरी आहे, आणि नोटिफिकेशन शाळेच्याच नावाने निघणार असं त्या बोलल्या, एजंट एम व्हिसाचं सांगतोय हे त्यांना माहीतच नव्हतं म्हणे (खरंखोटं देव जाणे). उशिरा आलीस तरी चालेल, ऑक्टोबरची सुट्टी झाल्यावर रुजू हो असं ठरलंय. पोलीस क्लिअरन्ससाठी बोटांचे ठसे देऊन आली. टीईएफएल पण चालू केलं.

मॅडमनी तिला विचारलं तुझं कुटुंब मूळचं भारतात कुठलं, हिने सोलापूर सांगितलं, त्यांना काही कळलं नाही, मग डॉक्टरांनी शिकवलं तसं ख दीह्वा म्हणाली तर बाई खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या. आता आईचा पक्षच बदललाय, ती दाजींना समजावते.

आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

बार्शी_ते_ब्रिस्बेन

छान झालं! मग दोनच गोष्टी. शाळेच्या फ्लॅटमध्ये राहणार असली तरी पोहोचल्यापासून २४ तासात जवळच्या पोलीस चौकीत नाव नोंदवावं लागतं, शाळेचं माणूस घेऊन जातं, नाही नेलं तर हिने मागे लागायचं, आणि बाहेरगावी जाऊन परत आली की पुन्हा विचारून घ्यायचं.

दुसरं, झेड व्हिसावर उतरल्यापासून ३० दिवसात रेसिडन्स परमिटचा अर्ज करायचा असतो. आधी मेडिकल होतं, रक्त, छातीचा एक्सरे, ईसीजी, उपाशीपोटी जायचं. मग पासपोर्ट पोलिसांच्या ऑफिसात जमा होतो आणि पंधरा कामाचे दिवससुद्धा तिथे राहू शकतो. त्याची पावती देतात, फोटोवाली, ट्रेनच्या तिकिटाला तीच चालते. हे आजींना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर एक दिवस फोनवर "पासपोर्ट पोलिसांकडे आहे" एवढंच ऐकू येईल आणि रेंज जाईल.